रोजचे सात तास

कांबळे वहिनी गेल्या उन्हाळ्यात वारल्या. त्या होत्या तोवर यातलं एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता लिहितो. नावं बदलली आहेत. आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत आणि ते जसेच्या तसे आहेत.

मी कोल्हापुरात दवाखान्यांना उपकरणं पुरवणाऱ्या एका छोट्या दुकानात नोकरीला होतो. ऑक्सिजनची सिलिंडरं पोचवायची, वाफेची यंत्रं दुरुस्त करायची, रक्तदाबाच्या उपकरणात पारा भरायचा, ही माझी कामं. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्याकडे एक नवीन मशीन आलं. दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढा खोका, त्याला सहा फुटी नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. त्याला सीपॅप म्हणतात. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारायचं, "ह्यातनं ऑक्सिजन येतोय व्हय?" नाही. "मग औषध?" तेही नाही. "मग काय येतंय तरी?" हवा. खोलीत असते तीच. त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे की मी त्यांना घरातला पंखाच परत विकायला आलोय.

काही माणसांचा घसा झोपेत सैल पडून मिटतो. माणूस घोरत असतो, घोरणं एकदम थांबतं. बघणाऱ्याला वाटतं, शांत झोपला. प्रत्यक्षात श्वासच अडलेला असतो. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकतो, माणूस अर्धवट जागा होऊन मोठ्यानं हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो आणि पुन्हा घोरायला लागतो. रात्रीत हे शेकडो वेळा होऊ शकतं. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. फक्त डोकं जड असतं आणि दिवसभर जागेपणी पेंग येते. दर खेपेला हृदय धावतं, रक्तदाब चढतो. तो रात्री उतरायचा असतो, तेव्हाच चढतो, आणि मग दिवसाही खाली यायचं नाव घेत नाही. गोळ्या वाढत जातात, आकडा तिथंच राहतो.

मशीन एवढंच करतं, की नाकातून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवतं. तो दाब किती, हे समजावायला मी पिशवीत पाण्याची बाटली आणि एक नळी ठेवत असे. नळी दहा सेंटीमीटर पाण्यात बुडवायची आणि फुंकायला सांगायचं. बुडबुडे आले की म्हणायचं, "एवढाच जोर." हे मी स्वतः शोधून काढलं होतं आणि मला त्याचा थोडा अभिमान होता.

मशीनच्या मागच्या बाजूला एक बारीक मीटर होता. मोटर किती तास फिरली ते तो दाखवायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मशीन दिलेल्या घरांतून फिरायचो, मीटर वाचायचो, फिल्टर बघायचो, मास्कचं कुशन तपासायचो, रक्तदाब मोजायचो आणि सगळं वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायचो. दुकानानं हे मला सांगितलं नव्हतं. आकडा लिहून ठेवला नाही तर मला चैन पडत नाही, म्हणून मी ते करायचो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. गुळाचे एक अडत व्यापारी होते. त्यांच्या मशीनचा फिल्टर दसऱ्यानंतर बघितला तर लालभडक. खंडेनवमीला घरातल्या वजनकाट्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा झाली, तशी याचीही झाली होती, आणि हळदकुंकू नेमकं हवा आत घेण्याच्या जाळीवर वाहिलं होतं. मालक आठ दिवस शिंकत होते आणि "मशीनची हवा मानवंना" म्हणून तक्रार करत होते. मी म्हटलं, "अहो, तुम्ही कुंकू ओढताय." तर म्हणाले, "मग पूजा करायची न्हाय व्हय? ह्याच्यावर तर जीव हाय आमचा." शेवटी खोक्याच्या पाठीवर, जिथं काही जाळी नाही तिथं, मी खडूनं एक गोल काढून दिला. पूजा इथं करायची.

गारगोटीचे एक दूधवाले होते. त्यांना मशीन देऊन आठवडा झाला आणि त्यांची बायको एसटीनं पेढे घेऊन दुकानात आली. मला म्हणाली, "भाऊ, लगीन झाल्यापास्नं पैल्यांदा झोपली बघा मी." त्या दिवसापासून माझी एक समजूत घट्ट झाली. या मशीननं घोरणं थांबतं, आणि घोरणं थांबलं की बायका खूश होतात. बायकोला वेगळं काही समजावून सांगायची गरज नसते. पुढं जे झालं ते या समजुतीनं झालं, म्हणून पेढ्यांची गोष्ट सांगितली.

यशवंतराव कांबळे पन्हाळ्याच्या तालुका कार्यालयात जमीन मोजणीला होते. राहायला कोल्हापुरात. वय छप्पन, गळ्याचा घेर साडेसतरा इंच. गळा मोजायला मी टेप काढली तर हसून म्हणाले, "हयातभर लोकांच्या हद्दी मोजल्या, आज माझी मोजणी आली." कामाला चोख माणूस. आपली मोजणी एका आण्यानं, म्हणजे गुंठ्याच्या सोळाव्या हिश्श्यानंही, चुकली नाही, असं सांगायचे, आणि ते खरं असावं. पण दोन वर्षांपूर्वी एका बांधावर दोन भाऊ भांडत असताना हे दुर्बिणीला डोळा लावून उभे होते, ते तिथंच झोपले. भाऊ भांडण थांबवून यांच्याकडे बघत राहिले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "हळू बोल की, सायेब झोपल्यात." हे त्यांनी मला हसत सांगितलं, पण त्या दिवसापासून कार्यालयानं त्यांना शेतावर पाठवणं बंद केलं होतं. ते टेबलाला लागले होते आणि ते त्यांना फार लागलं होतं.

तीन गोळ्या चालू असताना त्यांचा रक्तदाब होता १८४ खाली ११२. डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "असंच राहिलं तर एक दिवस डोक्यातली शीर फुटेल. ते आपल्याला थांबवायचंय." एक रात्र दवाखान्यात झोपवून दाब ठरवला आणि नोव्हेंबरच्या शेवटी मी मशीन त्यांच्या घरी बसवलं.

घरात ते एकटेच होते. धाकटी मुलगी नेसरीला दिलेली, तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी वहिनी तिकडं गेल्या होत्या. मी तासभर बसून सगळं समजावलं. बाटली काढली, बुडबुडे काढले. मास्कचे पट्टे किती आवळायचे, फिल्टर कधी धुवायचा, सगळं. जाताना मीटर दाखवून म्हटलं, "कांबळेसाहेब, हे तास भरले पाहिजेत. रोज सहा-सात. मी येऊन बघणार."

"भरणार," ते म्हणाले. "जयभीम."

मशीन नुकतंच बसवलेलं म्हणून डिसेंबरची फेरी सोडली आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी गेलो. मीटर २५१. एकोणचाळीस रात्री, म्हणजे रोजचे जवळजवळ साडेसहा तास. रक्तदाब १४८ खाली ९२. मी दोनदा मोजला, दुसऱ्या हातालाही मोजला. मशीननं सगळ्यांचा रक्तदाब एवढा उतरत नाही. बहुतेकांचा थोडाच उतरतो. यांचा छत्तीसनं उतरला होता. साहेबांचा चेहरा उतरलेला नव्हे, उजळलेला होता. टेबलावर एकदाही डोळा लागला नव्हता आणि शेतावरच्या मोजणीसाठी त्यांनी अर्ज दिला होता. वहिनी आदल्या दिवशीच नेसरीहून परतल्या होत्या. त्यांनी चहा दिला. मी वहीत लिहिलं: "घरच्या मंडळी परत आल्या. आता जेवण वेळेवर." हे वाक्य माझ्या अक्षरात आहे.

फेब्रुवारीत रक्तदाब १६२ खाली १००. मीटर बघितला, अठ्ठावीस दिवसांचे १९६ तास. रोजचे बरोबर सात. मार्चमध्ये रक्तदाब १७०, तास पुन्हा १९६. मी डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, "मशीन तर पुरेपूर वापरतायत. मग वाढतंय कशानं? बायको कधी आली परत?" मी सांगितलं. "जेवण," ते म्हणाले. "मीठ बघा."

पुढच्या खेपेला मी वहिनींना स्वयंपाकघराच्या दारात उभं करून मिठावर बोललो. साहेब एकटे होते तेव्हा आकडा खाली होता, तुम्ही आलात आणि वाढला, असं मी सरळ आकडे वाचून दाखवत सांगितलं. माझा आवाज चढा नव्हता. पण माणसाला दोषी ठरवायला चढा आवाज लागत नाही. त्या पदर सावरून म्हणाल्या, "खर्डा आन् लोणचं लागतंय ओ त्यास्नी. पर बंद करते." नेसरीहून आणलेली सांडग्या-पापडांची डबडी त्यांनी शेजारी देऊन टाकली. पुढं भाजीत मीठ घालणंच बंद केलं. साहेब मला म्हणाले, "आमच्यात आता दवाखान्यातलं जेवण हाय. ती बी तेच खाती."

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "पहाटं कवातरी मास्क निघतोय वाटतं. उठतोय तवा उशाला असतोय."

मी म्हटलं, "मीटर सात तास दाखवतोय. म्हणजे अगदी शेवटी निघत असणार. काळजी नको."

मीटरवर त्यांचा माझ्याइतकाच विश्वास. मान डोलावली. मला वाटतं, चहा संपायच्या आत त्यांना एक डुलकी आली होती. बाहेर ऊन फार होतं. मी ते उन्हावर घातलं आणि लिहिलं नाही.

मे महिन्यात वळवानं दाणादाण उडवली. झाडं पडली, गल्लोगल्ली वीज जात होती. माझ्या वहीतल्या प्रत्येक घराचे तास त्या महिन्यात घसरले. फक्त एका घराचे नाहीत. जूनच्या पहिल्या रविवारी कांबळेसाहेबांचे पस्तीस दिवसांचे २४५ तास होते. मी भागाकार केला, बरोबर सात आले, आणि मी त्यांचं कौतुक केलं. कुशनही तपासलं. रोज चेहऱ्याला लागून ते तीन-चार महिन्यांत पिवळं पडतं, कडा बसतात. यांचं पांढरं होतं. मी शेरा लिहिला: "कुशन नव्यासारखे. निगा उत्तम." आज ते पान उघडलं की वाटतं, कुणीतरी सगळी उत्तरं माझ्या पुढ्यात मांडली होती आणि मी त्यांना मार्क देत बसलो होतो. माणसाची झोप कधी इतकी मोजून सात तास नसते. सरळ रेषेतला बांध बघितला की मोजणीवाल्याला संशय येतो, असं साहेबच म्हणायचे. मला आला नाही.

डॉक्टरांनी चौथी गोळी दिली. रक्तदाब १७६ खाली १०८. ऑगस्टमध्ये एके सकाळी साहेब कार्यालयात जायला निघाले, चपला घालायला वाकले आणि उठलेच नाहीत. डोक्यातली शीर फुटली होती. चार दिवस दवाखान्यात होते. मी गेलो तेव्हा उजवी बाजू पूर्ण गेलेली, डोळा अर्धा उघडा. त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पाचव्या दिवशी गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनींनी निरोप पाठवला, मशीन घेऊन जा. मी दुपारी गेलो. मुलगी बाळाला घेऊन आतल्या खोलीत झोपली होती. वहिनींनी मशीन स्वच्छ पुसून, नळीची गुंडाळी करून टेबलावर ठेवलं होतं. "बसा पावणं," म्हणाल्या आणि दोन बशांत पोहे आणले, एक मला, एक स्वतःला. पोह्यांत मीठ नव्हतं.

"दुसऱ्या कुणाला उपेगी पडंल," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय. काय बिघडवलं न्हाय मी."

परत घेताना मोटर चालू करून बघायची पद्धत आहे. मी बटण दाबलं. हवेचा आवाज सुरू झाला. वहिनींनी मान वर केली.

"हा आवाज पाठ झालाय बघा. रात्री धाला चालू, पहाटं पाचला बंद. तेवढा नेम मी मोडला न्हाय. तुमी म्हणालासा न्हवं, तास भरायला पायजेत. लाइट गेली तर सकाळी धुणं करतानी लावून ठेवायची. भरून काढायची."

मला नीट कळलं नाही. मी विचारलं, "सकाळी? साहेब तर सकाळी उठलेले असायचे."

"व्हय की. नुसतं चालू ठेवायची. रात्री बी नुसतंच असायचं ते. त्यास्नी झोप लागली की नाकावरचं काढून उशाला ठेवायची मी."

मी मोटर बंद केली. "का काढायचात?"

त्यांनी बशी खाली ठेवली. मग सांगितलं. पंधरा वर्षं त्या नवऱ्याच्या घोरण्यावर कान ठेवून झोपत होत्या. घोरणं थांबलं की जाग यायची. अंधारात मोजायला लागायच्या. "वीस मोजायची. वीस झालं आन् आवाज आला न्हाय, की खांद्याला धरून हलवायची. मग श्वास घ्यायचं. कुणाला सांगितलं न्हाय हे मी. त्यास्नी बी न्हाय. कशाला घाबरवा." पंधरा वर्षं त्यांनी साहेबांना असं राखलं होतं. नेसरीहून परत आल्या त्या रात्री साहेबांनी मास्क लावला, झोपले, आणि घोरणं थांबलं. वहिनी मोजायला लागल्या. "वीस झालं. चाळीस झालं. शंभर झालं. आवाजच न्हाय. छातीवर हात ठेवला तर हलत हुती. पर कान ऐकतात व्हय? मग काढलं ते. काढलं की लागलं घोरायला. जिवात जीव आला. मग मी झोपली."

या घरात शांतता म्हणजे मरण, हे वहिनींना पंधरा वर्षं माहीत होतं. मशीन लावल्यावरची शांतता वेगळी असते, ती चांगली असते, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नोव्हेंबरात त्या घरी नव्हत्या. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत मी आठ वेळा त्यांच्या हातचा चहा प्यालो आणि त्यांच्याशी बोललो ते फक्त मिठावर.

माझा चेहरा बघून असेल, त्यांनी विचारलं, "त्यानं काय झालं असंल का ओ?"

माझ्या शर्टाच्या खिशात वही होती. त्यात १४८ खाली ९२ लिहिलेलं होतं आणि त्याची तारीख होती. मी जन्मात कधी आकडा लपवला नाही. गिऱ्हाइकाला वाईट वाटेल म्हणून पाऱ्याची एक रेघ कमी सांगितली नाही.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "ह्या मशीननं बहुतेकांचा रक्तदाब थोडाच उतरतो. मोठा फरक पडत नाही."

त्या ‘नाही’च्या पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. डॉक्टरही हेच सांगतात. फक्त ते बहुतेकांबद्दल आहे, आणि त्या एकाबद्दल विचारत होत्या.

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, "मिठानंच झालं मग."

हे मी धरलं नव्हतं. एक दार लावून घेतलं तर त्या दुसऱ्या दारानं आत गेल्या होत्या, आणि ते दार मीच दाखवलेलं होतं.

"मिठानं नाही," मी म्हटलं. "ते आमचं चुकलं. मिठाचा काही संबंध नव्हता. मी खात्रीनं सांगतो."

"मग कशानं ओ?"

मी मीटर वाचला, १८६८. त्यातले २५१ वजा जाता १६१७. दोनशे एकतीस रात्रींचे, रोजचे सात. मी तो आकडा वहीत उतरवला, कारण हाताला तेवढंच काम होतं.

त्यानंतर मी नोकरीत होतो तोवर मशीन बसवताना आधी पेशंटशी बोललो नाही. त्या खोलीत जे कुणी झोपतं, बायको, आई, मुलगा, त्याला समोर बसवायचं. पेशंटला दिवसाच मास्क लावून आडवं करायचं, मशीन चालू करायचं आणि त्या माणसाचा हात पेशंटच्या छातीवर ठेवायचा. आता आवाज येणार नाही, आणि न येणं हेच बरं आहे, असं सांगायचं. ते माणूस हात काढेपर्यंत मी तिथून उठत नसे. काही जण मिनिटात काढायचे. एका आजीनं पाऊण तास काढला नाही. नवीन मशीनं आली, मास्क खरंच चेहऱ्यावर आहे की नाही तेही ती सांगू लागली. तरी मी ही पद्धत सोडली नाही. दुकानातली पोरं म्हणायची, ह्यांना एका घराला दुपार लागते. लागायची.

त्या दुपारी मी वही खिशात घातली आणि मशीन उचलायला लागलो. वहिनी म्हणाल्या, "पोहं ऱ्हायलं की तुमचं." मी परत बसलो. त्या आत गेल्या. डबा शोधायला त्यांना वेळ लागला, भांड्यांचा आवाज येत होता. बाहेर आल्या त्या वाटीत मीठ घेऊन. ती वाटी त्यांनी माझ्या बशीशेजारी ठेवली.

"घ्या की मग वरनं," म्हणाल्या.

मी चिमूटभर घेतलं. वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती तशीच राहू दिली आणि आपले पोहे खाल्ले.